अंकामागचे अक्षर : रेल्वेच्या लिखाणातील मापनचिन्हांचा आढावा

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, पुष्कळदा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. आकडा इतका काटेकोर, पण त्याच्या पुढचे एकक स्थानकागणिक बदलते. कुठे ‘मी.’, कुठे ‘मीटर’, रोमन लिपीत कुठे नुसता कॅपिटल एम, तर अनेक ठिकाणी ‘एमटीएस’. सर्वेक्षकाने सेंटिमीटरपर्यंत काळजी घेतली. फलक रंगवणाऱ्याच्या हाती जो मजकूर गेला त्यात एककाची तेवढी काळजी कोणी घेतलेली दिसत नाही. मीटरचे आंतरराष्ट्रीय चिन्ह एकच आहे, स्मॉल एम. त्याला अनेकवचन नाही, त्याच्यापुढे टिंब नाही आणि ते मोठ्या अक्षरात लिहायचे नाही. कॅपिटल एम हे मीटरचे चिन्हच नव्हे. तो दहा लाख पट दाखवणारा ‘मेगा’ हा उपसर्ग आहे.

प्रश्न फलकांपुरता असता तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. निविदा, लोको पायलटला मिळणारे सतर्कता आदेश, ओव्हरहेड तारांचे नकाशे, इंजिनांची माहितीपत्रके, विभागीय कार्यालयांची प्रसिद्धिपत्रके आणि त्यांवरून तयार होणाऱ्या मराठी बातम्या या सगळ्यांत मापे असतात. मापन मेट्रिक झाले त्याला साठाहून अधिक वर्षे लोटली, लिखाण मात्र अजून ठरलेले नाही. एककाचे चिन्ह हा आकड्याचाच भाग आहे आणि त्याला आकड्याइतकीच शिस्त हवी, असे मला वाटते. ती शिस्त कुठे सुटते, का सुटते आणि मराठीत ती कशी आणता येईल, हे पाहायचे आहे.

मीटर भारतात आला तो रेल्वेच्या रुळांवरून. १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, सरकारने स्वस्त अरुंद मार्ग बांधायचे ठरवले. रुंदी ३ फूट ३ इंच ठरत होती. त्याच वेळी देशात मेट्रिक पद्धत आणण्याचा विचार चालू होता, म्हणून ती किंचित वाढवून बरोबर एक मीटर केली गेली. मापनाचा कायदा कागदावरच राहिला, रूळ मात्र पडले. १८७३ मध्ये दिल्ली–रेवाडी हा मीटर गेज मार्ग सुरू झाला. देशाने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला तो १९५६ मध्ये. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले आणि १९५८ पासून वजनमापे टप्प्याटप्प्याने बदलत गेली. म्हणजे देशाच्या ८० हून अधिक वर्षे आधी रेल्वेने मीटर वापरला. त्या रेल्वेच्या फलकावर मीटरचे चिन्ह चुकावे, याची खंत वाटते.

जुन्या मापांच्या खुणा आकड्यांत अजून दिसतात आणि त्या तशाच राहाव्यात असे माझे मत आहे. ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, कारण ते मूळचे साडेपाच फूट. बार्शी लाइट रेल्वेचे गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. नेरळ–माथेरानचे ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. मालवाहू डब्याचा आसभार अनेक वर्षे २०.३२ टन लिहिला जाई. हे २० जुने ब्रिटिश टन होते आणि तसा एक टन १०१६ किलोचा. चार आसांच्या बॉक्सएन वाघिणीचे एकूण वजन ८१.२८ टन का, याचे उत्तरही तेच. वळणांची गोष्ट आणखी वेगळी. रेल्वेत ‘एक अंशाचे वळण’ म्हणजे १७५० मीटर त्रिज्येचे वळण आणि दहा अंशांचे वळण म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. शंभर फुटांची, म्हणजे ३०.५ मीटरची लांबी वर्तुळाच्या केंद्राशी किती कोन करते यावरून वळणाचा अंश ठरतो. इथे अंशाचे चिन्ह कोन दाखवते, पण त्यामागे शंभर फूट दडलेले आहेत. घाटाचा चढ मात्र ‘३७ला १’ असा गुणोत्तरात सांगतात. कसारा आणि बोर घाटांचा हा चढ फुटांतही खरा आणि मीटरांतही खरा, त्याला एककच लागत नाही.

मेट्रिक चिन्हांचे नियम फार नाहीत. १९४८ मध्ये नवव्या वजनमाप परिषदेने चिन्हे कशी लिहायची ते ठरवले, १९६० मध्ये ‘एसआय’ हे नाव आले आणि तपशील पुढे भरत गेले. १८७५ च्या मीटर करारात भारत १९५७ मध्ये सामील झाला. आज आपल्याकडे २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे; त्याचे चौथे कलम सांगते की प्रत्येक एकक आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीवर आधारलेल्या मेट्रिक पद्धतीनुसार असले पाहिजे. नियमांचा गाभा असा : चिन्ह सरळ ठशात लिहायचे, तिरप्या नाही. संख्या आणि चिन्ह यांत जागा सोडायची; कोनाचे अंश, मिनिटे, सेकंद एवढाच अपवाद. माणसाच्या नावावरून आलेल्या एककाचे चिन्ह कॅपिटलने सुरू होते, म्हणून वॅट, व्होल्ट, न्यूटन, पास्कल, हर्ट्झ, केल्विन यांना मोठे अक्षर. मीटर, ग्रॅम, सेकंद, टन, तास यांना लहान. लिटरला १९७९ पासून दोन्ही चालतात. ‘किलो’ म्हणजे नेहमी स्मॉल के. स्मॉल एम उपसर्ग म्हणून आला तर तो मिलि, कॅपिटल आला तर मेगा. दोघांत एक अब्ज पटीचे अंतर आहे.

हे नियम पाठ करण्याआधी त्यांचे कारण समजून घ्यावे. चिन्ह हे शब्दाचे लघुरूप नसते. बीजगणितातल्या अक्षरासारखे त्याचे गुणाकार-भागाकार करायचे असतात. मीटर गुणिले मीटर केले की चौरस मीटर, किलोमीटर भागिले तास केले की वेग. म्हणूनच चिन्हाला अनेकवचनाचा ‘एस’ लावला की अर्थ बिघडतो, कारण स्मॉल एस हे सेकंदाचे चिन्ह आहे. निविदेत ‘केजीएस’ लिहिले तर ते काटेकोरपणे किलोग्रॅम-सेकंद वाचावे लागते. फलकावरच्या ‘एमटीएस’मध्ये मीटर, टन आणि सेकंद तिन्ही आले, या नावाची एक एककपद्धती एके काळी फ्रान्समध्ये खरोखर प्रचलित होती. ‘केव्ही’तला के कॅपिटल केला की तो केल्विन होतो. व्यवहारात कोणी तसे वाचत नाही, हे मला मान्य आहे. वाचणारा अनुभवी असतो, संदर्भ मदतीला असतो आणि चूक डोळ्याआड होते. पण प्रत्येक कागद अनुभवी माणसाच्याच हाती पडेल, हे गृहीत धरता येत नाही.

संदर्भ मदतीला येत नाही अशी एक जागा आहे आणि ती या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. ती म्हणजे ‘एमटी’. माल चढवण्याच्या साइडिंगवर, वजनकाट्याच्या चिठ्ठीत, कंत्राटात ‘एमटी’ म्हणजे मेट्रिक टन, हजार किलो. त्याच रेल्वेच्या वार्षिक आकडेवारीत ‘एमटी’ म्हणजे मिलियन टन, दहा लाख टन. २०२२-२३ मध्ये भारतीय रेल्वेने १५१२ ‘एमटी’ माल वाहिला. कोळशाच्या एका मालगाडीत चार हजार टनांच्या आसपास कोळसा मावतो. म्हणजे साइडिंगचा अर्थ धरला तर देशाची वर्षभराची वाहतूक अर्ध्या गाडीतही संपली असती. हे उदाहरण टोकाचे आहे, एवढा फरक कुणाच्याही लक्षात येईल. पण एखाद्या बंदराच्या किंवा सिमेंट कारखान्याच्या आकड्यात, जिथे वाचकाला मुळात अंदाज नसतो, तिथे तो लक्षात येत नाही. बातमी लिहिणारा ‘एमटी’ तसेच ठेवतो किंवा ‘मेट्रिक टन’ असे उलगडतो आणि आकडा दहा लाख पटीने खाली येतो.

चिन्हांच्या नियमात दोन्हींसाठी स्वच्छ सोय आहे. टन म्हणजे स्मॉल टी. दहा लाख टन म्हणजे मेगाटन, कॅपिटल एम आणि स्मॉल टी. दोन्ही अक्षरे कॅपिटल केली की टीचा अर्थ टेस्ला होतो, जे चुंबकीय क्षेत्राचे एकक आहे. ‘मेट्रिक’ हे विशेषण जुना ब्रिटिश टन वापरात होता तोवर लागत होते. आज भारतात टन म्हणजे हजार किलोच. मराठीत तर याहून सोपे आहे. आपला वाचक मोठी संख्या लाख-कोटीत समजतो, म्हणून ‘१५१ कोटी टन’ लिहावे, शंकेला जागा उरत नाही. मराठी वृत्तपत्रांतले ‘मे. टन’ हे रूप मात्र सोडून द्यावे. लिहिणाऱ्याच्या मनात मेट्रिक असतो, पण वाचणाऱ्याला ‘मे’ मेगाचा वाटू शकतो.

माल वाहतुकीचे काम टन-किलोमीटरमध्ये मोजतात, कारण किती माल आणि किती लांब, दोन्हींचा गुणाकार हवा असतो. रेल्वेच्या कागदांत त्याला ‘एनटीकेएम’ किंवा ‘जीटीकेएम’ म्हणतात. पहिल्यात फक्त मालाचे वजन, दुसऱ्यात डब्यांसकट. ही नावे अंतर्गत वापरासाठी सोयीची आहेत. पण ‘निव्वळ’ आणि ‘एकूण’ हे राशीचे गुण आहेत, एककाचे नव्हेत. ते शब्दांत सांगावेत आणि एकक नुसते टन-किलोमीटर ठेवावे.

हीच गफलत विजेच्या बाबतीत जास्त त्रास देते. आपली रेल्वे २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झ, प्रत्यावर्ती प्रवाहावर धावते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर. मुंबई उपनगरातला हा जुना दाब २०१६ मध्ये पूर्णपणे गेला. तांत्रिक कागदांत हे ‘केव्हीएसी’, ‘व्हीडीसी’ असे सलग जोडून लिहिण्याची सवय आहे. प्रवाहाचा प्रकार व्होल्टच्या चिन्हाला चिकटवला की ‘केव्हीए’ या वेगळ्याच एककाची आठवण होते. ते ट्रान्सफॉर्मरची क्षमता सांगते आणि रेल्वेच्या उपकेंद्राच्या कागदावर दोन्ही एकाच पानावर येतात. आधी प्रवाहाचा प्रकार शब्दाने, मग जागा सोडून आकडा आणि चिन्ह, असे लिहिले की गोंधळ संपतो.

वेगाचे चिन्ह सर्वांत जास्त लिहिले जाते आणि सर्वांत जास्त चुकते. ‘केएमपीएच’ हे रूप इतके रुळले आहे की ते चूक आहे असे सांगणाऱ्याकडे लोक आश्चर्याने पाहतात. योग्य रूप किलोमीटरचे चिन्ह, तिरकी रेघ आणि तासासाठी स्मॉल एच. ‘केएमपीएच’मधला पी हा इंग्रजीतल्या ‘पर’ या शब्दाचे अक्षर आहे. चिन्हांच्या भाषेत स्मॉल पी म्हणजे पिको, एकाचा लाख कोटीवा भाग. मुद्दा एवढ्या काटेकोरपणाचा नाही. एककाचे चिन्ह कोणत्याच एका भाषेचे नाही, हे त्याचे खरे सामर्थ्य आहे. हिमसागर एक्स्प्रेस कन्याकुमारीहून निघून वैष्णोदेवी कटराला पोहोचते. वाटेत मल्याळम, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, पंजाबी बोलणारे कर्मचारी तिला हात लावतात. सगळ्यांना सारखे वाचता येईल असे एखादे लिखाण असेल तर ते अंक आणि चिन्ह यांचेच. त्यात इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर घुसवले की ती समानता जाते. मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान मार्गावर जपानी अभियंते आणि भारतीय अभियंते एकाच नकाशावर काम करतात. ताशी ३२० किलोमीटर हा आकडा दोघांनी एकाच चिन्हाने लिहिला पाहिजे.

रुळांकडेच्या वेगमर्यादेच्या फलकावर मात्र नुसता आकडा असतो, एकक नसते. यात मला काही खटकत नाही. संपूर्ण रेल्वेत वेग एकाच एककात मोजला जातो, स्पीडोमीटरही त्याच एककात असतो आणि धावत्या गाडीतून वाचायला जितकी अक्षरे कमी तितके चांगले. सर्वत्र एकच एकक आहे याची खात्री असेल तिथे ते गाळता येते. सतर्कता आदेश कागदावर असतो, तो हातात घेऊन शांतपणे वाचायचा असतो, तिथे ते गाळू नये.

सतर्कता आदेशात आणखी एक बारकावा आहे. ओव्हरहेड तारांच्या खांबांवर ‘१२६/१४’ असे लिहिलेले असते, म्हणजे १२६ वा किलोमीटर आणि त्यातला १४ वा खांब. ही तिरकी रेघ भागाकाराची नव्हे, स्थानाची आहे. फाटकाआधी शिट्टी वाजवायला सांगणाऱ्या ‘सी/फा’ फलकावरची रेघ तिसऱ्याच कामाची आहे. एकाच ओळीत स्थान आणि वेग दोन्ही लिहायचे असताना या रेघांचे अर्थ वेगळे राहिले पाहिजेत. त्यासाठी एक साधी रीत पाळावी. ठिकाण सांगायचे असेल तेव्हा ‘किमी’ आकड्याच्या आधी लिहावे, अंतर किंवा वेग सांगायचा असेल तेव्हा आकड्याच्या नंतर. ‘किमी १२६’ ही जागा, ‘१२६ किमी’ ही लांबी.

आता बल आणि वस्तुमान यांच्याकडे वळू, कारण इथे चूक चिन्हाच्या रूपापेक्षा खोल आहे. गाडीच्या एअर ब्रेकच्या नळीत दाब ‘५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर’ असतो, हे रेल्वेत प्रत्येक ड्रायव्हरला आणि गार्डला तोंडपाठ असते. लिहितानाही तसेच लिहितात. पण किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि दाब म्हणजे क्षेत्रफळावरचे बल. इथे म्हणायचे असते किलोग्रॅम-बल, एक किलो वजनावर पृथ्वीची जी ओढ असते तेवढे बल. एसआय पद्धतीत बल न्यूटनमध्ये आणि दाब पास्कलमध्ये. पाच किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ४९० किलोपास्कल. ओव्हरहेड तारांचा ताण ‘१००० केजी’ लिहिलेला आढळतो. तो १००० किलोग्रॅम-बल, म्हणजे ९.८ किलोन्यूटन असतो. जवळपास दहाचा हा गुणक विसरला की गणित दहा पटीने चुकते.

रुळांच्या पोलादात हा बदल नावासकट झालेला आहे. जुने अभियंते ‘९० यूटीएस’ रूळ म्हणतात. तुटेपर्यंत पोलाद किती ताण सोसते ते ९० किलोग्रॅम-बल प्रति चौरस मिलिमीटर. नव्या प्रमाणकात त्याचेच नाव ८८० श्रेणी, कारण तोच ताण न्यूटनमध्ये सुमारे ८८० प्रति चौरस मिलिमीटर भरतो. पोलाद तेच, एकक बदलले आणि नावही बदलले. दोन्ही नावे एककाशिवाय वापरली जातात, म्हणून नव्या माणसाला ९० आणि ८८० हे दोन वेगळे रूळ वाटू शकतात. ‘६० किलोचा रूळ’ ही बोलण्याची सोय आहे. लिहिताना ६० किलो प्रति मीटर लिहावे. त्याआधीचा ‘९० आर’ रूळ ९० पौंड प्रति यार्डाचा होता, म्हणजे सुमारे ४४.६ किलो प्रति मीटर. आकड्याने मोठा असलेला तो रूळ वजनाने हलका होता. किलो, पौंड, मीटर, यार्ड यांतले काहीही न लिहिता नुसते ६० आणि ९० लिहिले तर हे कळायला मार्ग नाही.

इंजिनाची शक्ती अजून अश्वशक्तीत सांगण्याची रीत आहे. मधेपुऱ्याच्या डब्ल्यूएजी-१२ इंजिनाची १२००० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ९ मेगावॅट. बोलताना अश्वशक्ती राहिली तरी हरकत नाही, पण कागदावर वॅटमध्ये आकडा हवाच, कारण अश्वशक्तीही दोन प्रकारची आहे, ब्रिटिश ७४६ वॅटची आणि मेट्रिक ७३५.५ वॅटची. इंजिनांच्या नावांतले एम किंवा जी ही अक्षरे एककांची नव्हेत. तिथे डब्ल्यू म्हणजे ब्रॉड गेज, ए म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह, जी म्हणजे मालगाडी. विजेच्या वापराचे एकक किलोवॅट-तास, गुणाकाराचे. ‘किलोवॅट प्रति तास’ ही बातम्यांतली नेहमीची चूक आहे आणि तिचा अर्थ पूर्ण वेगळा होतो. निविदांतले ‘एसक्यूएम’, ‘सीयूएम’, ‘आरएमटी’ हे तिन्ही मीटरच्या चिन्हावर दोनचा किंवा तीनचा घातांक देऊन, किंवा नुसत्या मीटरने लिहिता येतात.

घातांक आणि अंशचिन्ह यांचा प्रश्न टंकलेखनाचा आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. लांब जोडलेल्या रुळांच्या देखभालीत रुळाचे तापमान निर्णायक असते. उन्हाळ्यात ते हवेच्या तापमानाच्या बरेच वर जाते आणि त्यावर काम चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरते. संगणकावर अंशाचे चिन्ह सापडले नाही की लोक शून्य टाइप करून वर उचलतात. मजकूर एका फाइलीतून दुसरीत गेला की उचललेले शून्य खाली बसते आणि ४५ अंशांचे ४५० होतात. चौरस मिलिमीटरमधला दोन असाच खाली येतो. संपर्क तारेचे १०७ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ लिहिताना तो दोन हरवला तर क्षेत्रफळाची लांबी होते.

देवनागरीत ही अडचण दुप्पट आहे, कारण आपले शून्य मुळातच लहान वर्तुळासारखे आहे. अंशाचे चिन्ह त्याच्या इतके जवळचे की बारीक छपाईत दोन्ही वेगळे करता येत नाहीत. शिवाय हिंदीत लघुरूपासाठी टिंबाऐवजी तसेच एक बारीक वर्तुळ लावतात आणि ते कळफलकावर सापडले नाही की तिथेही शून्यच टाइप होते. रेल्वेच्या हिंदी फलकांवर ‘कि०मी०’ असे दिसते ते यामुळे. आकडा, त्यापुढे किलोमीटर, त्यात दोन शून्ये. मराठीत आपण टिंब वापरतो, त्यामुळे हा धोका कमी आहे, पण हिंदी फलकाची नक्कल करताना तो मराठीत येतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मजकूर नव्यात बदलताना अशी चिन्हे सर्वांत आधी बिघडतात, हे छपाईशी संबंध आलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मराठीत चिन्हे लिहावीत कशी, यावर आज तीन रीती चालू आहेत. पहिली, रोमन चिन्ह तसेच ठेवणे. दुसरी, मराठी लघुरूप : किमी, मिमी, किग्रॅ. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाने ही रूपे शिस्तीने वापरली, किमी., सेंमी., °से. अशी त्याची पद्धत शेकडो नोंदींत एकसारखी सापडते. तिसरी रीत रोमन अक्षरांची नावे देवनागरीत लिहिण्याची : ‘एमएम’, ‘केएमपीएच’, ‘एमडब्ल्यू’, ‘एमटी’. ही तिसरी रीत टाळावी असे मी आग्रहाने म्हणेन. तिच्यात लहान-मोठ्या अक्षराचा भेद नाहीसा होतो, म्हणजे ज्या खुणेने मिलि आणि मेगा वेगळे होतात तीच पुसली जाते. ‘एमडब्ल्यू’ मेगावॅट की मिलिवॅट, ‘एमटी’ टन की दहा लाख टन, काहीच ठरत नाही.

देवनागरीत लहान-मोठे अक्षर नसले तरी मात्रा आहे आणि ती हे काम नीट करते. मिलिचा ‘मि’ आणि मेगाचा ‘मे’ डोळ्याला लगेच वेगळे दिसतात. ‘मि’ ऱ्हस्व आणि मीटरचा ‘मी’ दीर्घ एवढे मात्र पाळावे लागते, आणि मिनिटासाठी ‘मि.’ न लिहिता ‘मिनिटे’ लिहावे लागते. ‘से.’ हे तर सेकंद, सेल्सिअस आणि सेंटिमीटरची सुरुवात अशा तिन्हींसाठी वापरले जाते. सेकंद पूर्ण लिहावा, सेल्सिअसआधी अंशाचे चिन्ह किंवा ‘अंश’ हा शब्द असावा. टिंबांची गरज नाही. ‘कि.मी.’पेक्षा ‘किमी’ सुटसुटीत आहे आणि अरुंद स्तंभात टिंबापाशी ओळ तुटत नाही. आकडा एका ओळीच्या शेवटी आणि एकक पुढच्या ओळीत, असे होऊ नये म्हणून दोघांमध्ये न तुटणारी जागा टाकावी. ती सोय प्रत्येक पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

वाचकाला सरावाची झालेली रूपे पाच-सहाच आहेत : मी, किमी, सेमी, मिमी, किग्रॅ आणि वेगासाठी किमी/तास. यापलीकडची लघुरूपे मराठीत घडवत बसू नयेत. किलोव्होल्ट, मेगावॅट, किलोन्यूटन, किलोपास्कल हे शब्द पूर्ण लिहावेत. मजकुरात ते एकदोनदाच येतात आणि पूर्ण लिहिल्याने काही बिघडत नाही. तक्ता, नकाशा, तांत्रिक पुस्तिका असेल तर आंतरराष्ट्रीय चिन्ह अक्षर न बदलता वापरावे, शेजारी अंक देवनागरी असले तरी चालेल. रशियन प्रमाणकात आंतरराष्ट्रीय आणि सिरिलिक अशा दोन्ही प्रकारच्या चिन्हांना मान्यता आहे, पण एका प्रकाशनात दोन्ही मिसळू देत नाहीत. मराठीनेही हाच संयम पाळावा. एका परिच्छेदात ‘किमी’, पुढच्यात ‘केएम’ आणि चौकटीत रोमन, हे थांबले तर निम्मा प्रश्न सुटेल.

संख्यांच्या विरामचिन्हांतही काळजी लागते. युरोपातून येणाऱ्या यंत्रांच्या पुस्तिकांत दशांशासाठी स्वल्पविराम असतो. तिथे १ नंतर स्वल्पविराम आणि मग ६७६ असेल तर तो एक पूर्णांक सहाशे शहात्तर सहस्रांश असतो, आपण मात्र सोळाशे शहात्तर वाचतो. चार अंकी मापांत स्वल्पविराम टाकूच नये.

वेळेच्या बाबतीत उलट घडते. रेल्वे चोवीस ताशी घड्याळ वापरते आणि ‘१४.३५’ असा टिंब देऊन वेळ लिहिण्याची जुनी रीत आहे. वेळापत्रकात ती निभावते, कारण तिथे प्रत्येक आकडा वेळच असतो. पण ‘गाडी १.३० तास उशिरा’ असे लिहिले की दशांश आणि मिनिटे एकमेकांत मिसळतात. दशांश वाचले तर तो एक तास अठरा मिनिटांचा उशीर, मिनिटे वाचली तर दीड तासाचा. वक्तशीरपणाची आकडेवारी संगणकात भरताना हा बारा मिनिटांचा फरक बेरजेत जातो आणि मग कुठून आला ते सापडत नाही. घड्याळाच्या वेळेसाठी दोन टिंबे, १४:३५; कालावधीसाठी ‘१ तास ३० मिनिटे’ किंवा ‘९० मिनिटे’.

हे सगळे एका सतर्कता आदेशाच्या ओळीत असे उतरेल : ‘किमी १२६/१४ ते किमी १२७/२, वेग २० किमी/तास, १४:३५ पासून पुढील आदेशापर्यंत.’ ठिकाणाच्या रेघा वेगळ्या, वेगाची वेगळी, वेळ वेळेसारखी, एकक आकड्याला जागा सोडून लागलेले. ही ओळ लिहायला नवा कायदा लागत नाही की नवे सॉफ्टवेअर. विभागीय कार्यालयांनी आपल्या मराठी मजकुरासाठी एका पानाचा नमुना ठरवावा. मध्य, पश्चिम आणि कोकण रेल्वेने तो एकच ठेवावा आणि प्रसिद्धिपत्रकापासून फलकाच्या मजकुरापर्यंत तोच पुढे द्यावा.